सरहद्दीवरचे सहाध्यायी

इतिहासाच्या पुस्तकात तह असतात, लढाया असतात, राजवटी येतात आणि जातात. एका बाकावर बसून शिकलेली माणसे पुढे तीस-चाळीस वर्षे एकमेकांची खबर कशी ठेवत राहिली, याला त्या पुस्तकात जागा नसते. हायस्कुलात इतिहास शिकवण्यात माझे सारे नोकरीचे आयुष्य गेले आणि ही उणीव मला नेहमी जाणवत आली. वाचक म्हणतील, हा घरगुती विषय झाला, त्यात इतिहास कसला? आमच्या पेडणे-डिचोली भागापुरते तरी असे म्हणता येणार नाही. या भागात सीमा वारंवार बदलल्या, नाकी बसली आणि उठली, राज्यकर्ते आणि राजभाषा बदलल्या. अशा प्रत्येक वेळी पलीकडे काय चालले आहे हे अलीकडच्यांना कळले ते बऱ्याच अंशी सोयऱ्यांकडून, व्यापाऱ्यांकडून आणि सहाध्यायांकडून. सोयऱ्यांवर आणि व्यापाऱ्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हा लेख तिसऱ्यांविषयी आहे.

पत्त्यांपासून सुरुवात करू. माझ्या वडिलांच्या पेटीतील जुनी पाकिटे मी एकदा सालवार लावली, तेव्हा ध्यानात आले की इतिहासाचा अर्धा धडा पाकिटाच्या वरच्या बाजूलाच लिहिलेला असतो. बांदे गावात राहणारा एकच माणूस, एकच घर. पण १९४७ साली तो सावंतवाडी संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि तो मुंबई राज्यातल्या रत्नागिरी जिल्ह्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला आणि १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्याचा झाला. बेळगावचा स्नेही मुंबई राज्यातून १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ मध्ये राज्याचे नाव बदलले तेव्हा कर्नाटकात. आमचे पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली त्याच्या थोडी आधी गेली होती. म्हणून या मुलखाला ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. १९६१ नंतर आम्ही गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशात आलो आणि ३० मे १९८७ पासून गोवा राज्यात. यांपैकी कोणीही आपले घर इंचभर हलवले नव्हते. पत्ता तेवढा बदलत गेला, आणि पत्र लिहिणाऱ्याला तो प्रत्येक वेळी नव्याने शिकावा लागला.

पण मुळात पेडण्याच्या माणसाला बांद्याचा, बेळगावचा सहाध्यायी मिळाला कसा? त्याचे कारण साधे आहे. पोर्तुगीज अमलाच्या अखेरपर्यंत गोव्यात आपण आज ज्याला कला-विज्ञान महाविद्यालय म्हणतो तसे एकही नव्हते. पणजीला १८४२ पासूनची वैद्यकीय शाळा होती, १८५४ पासूनचे लिसेव होते. पोर्तुगीज शिक्षणाची वाट लिसेवपर्यंत जात असे आणि पुढे लिस्बन किंवा कुइंब्राला. ती वाट पेडण्याच्या कुळकर्ण्याच्या किंवा डिचोलीच्या दुकानदाराच्या मुलाला परवडणारी नव्हती. घरी तो मराठी मुळाक्षरे आणि पोथी शिकलेला असे. ज्याला जमले तो ‘सेगुंद ग्राव’ पास होई. ज्याला त्यापुढे जायचे तो मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकचा अभ्यास शिकवणाऱ्या एखाद्या इंग्रजी शाळेत जाई आणि नंतर सरहद्द ओलांडे. धारवाडला १९१७ पासून कर्नाटक कॉलेज होते, सांगलीला १९१९ पासून विलिंग्डन, बेळगावला १९३३ पासून लिंगराज आणि १९४५ पासून राणी पार्वतीदेवी. कोल्हापूरचे राजाराम आणि पुण्याचे फर्ग्युसन तर त्याहून जुनी. पेडण्याचा मुलगा बांदा, सावंतवाडी, आंबोली असा घाट चढून जाई. डिचोलीचा दोडामार्गाकडून. ज्याला मोटारीपेक्षा आगगाडी बरी वाटे तो कॅसलरॉकवरून लोंढ्याला उतरून बेळगाव गाठी.

हे शिक्षण सर्वांच्या पदरात पूर्ण पडलेच असे नाही. बोरीचे बा. भ. बोरकर मॅट्रिक होऊन धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात गेले, परंतु पैशाअभावी त्यांना शिक्षण सोडून परतावे लागले आणि ते शिक्षक झाले. मराठी-कोंकणी दोन्ही भाषांना ललामभूत ठरलेल्या कवीची ही गत, तर इतरांची काय कथा! गावोगाव असे ‘कॉलेजात जाऊन आलेले’ गृहस्थ असत. पदवी नसे, पण बेळगाव-धारवाडचे चार पत्ते असत. साष्टी-बार्देसच्या ख्रिस्ती बांधवांना मुंबईत आपापल्या गावची ‘कूड’ होती. तिथे उतरले की गावचा माणूस भेटे. आमच्या भागातल्या शिकणाऱ्या मुलाला जे चार पत्ते मिळत, तीच त्याची कूड. कुणाच्या भावाला दवाखान्यात न्यायचे आहे, कुणाला पुस्तक हवे आहे, मुलीसाठी स्थळ पाहायचे आहे, अशा वेळी त्यांपैकी एका पत्त्यावर कार्ड जाई.

सहाध्यायांचा असा संबंध किती दूर जाऊ शकतो याचे गोव्यातले सर्वांत मोठे उदाहरण पेडणे-डिचोलीचे नाही, ते साष्टीतल्या असोळण्याचे आहे. त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे; पण ती आपण नेहमी मुक्तिलढ्याची कथा म्हणून सांगतो, मैत्रीची म्हणून सांगत नाही. राम मनोहर लोहिया आणि असोळण्याचे जुलियांव मिनेझिस हे दोघे बर्लिनला शिकत होते. एक अर्थशास्त्राचा, दुसरा वैद्यकाचा. दोघांचे विषय निराळे होते, पण विद्यार्थ्यांच्या बैठका आणि चिंता एक. १९३३ मध्ये लोहिया डॉक्टरेट घेऊन परतले. मिनेझिस मुंबईत डॉक्टरी करू लागले. त्यानंतर तेरा वर्षे गेली. बेचाळीसचे आंदोलन, भूमिगत जीवन, तुरुंग हे सारे होऊन लोहिया एप्रिल १९४६ मध्ये सुटले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते आणि प्रकृती पार ढासळलेली होती. मुंबईत ते आपल्या जुन्या सोबत्याकडे प्रकृती दाखवायला गेले. सोबती म्हणाला, आमच्या गावी चल, विश्रांती घे.

विश्रांती कसली व्हायची! १० जून १९४६ रोजी लोहिया असोळण्याला पोचले. बातमी पसरली आणि माणसांची रीघ लागली. सभा भरवायला परवाना, छापायला परवाना, लग्नाची पत्रिकासुद्धा आधी सरकारला दाखवायची, असा तो काळ. लोकांनी आपली गाऱ्हाणी सांगितली आणि १८ जून १९४६ रोजी भर पावसात मडगावच्या मैदानावर दोघेही सभेला उभे राहिले. दोघांनाही अटक झाली. आज ते मैदान लोहियांच्या नावाने ओळखले जाते आणि १८ जून क्रांतिदिन म्हणून पाळला जातो. मी वर्गात हा धडा शिकवताना मुलांना एक प्रश्न विचारीत असे: लोहिया गोव्यात कशाला आले? मुले म्हणत, क्रांती करायला. मी म्हणे, नाही रे बाबांनो, ते मित्राच्या घरी जेवायला-झोपायला आले होते. ऐन चाळिशीकडे झुकलेल्या दोन माणसांनी एकमेकांची प्रकृती विचारली नसती, तर १८ जूनची तारीख कदाचित निराळी असती.

यानंतरची पंधरा वर्षे आमच्या भागातल्या सहाध्यायांच्या कसोटीची. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही चहूबाजूंनी गोव्याच्या हद्दीत शिरले. पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीला पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातला कर्नेलसिंग तिथेच पडला. त्या दिवशी साऱ्या सरहद्दीवर मिळून वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक आज हमरस्त्यावर दिसते. पुढे भारत सरकारने नाकेबंदी कडक केली. कॅसलरॉककडची आगगाडी बंद झाली, परवान्याशिवाय ये-जा थांबली. बांदा ते पेडणे ही सकाळी निघून जेवणाला परतण्याची वाट. ती आता दोन देशांमधली वाट झाली. बेळगावला शिकणारी कितीतरी मुले सुटीत घरी येऊ शकली नाहीत. त्यांचे गणपती, दिवाळी सहाध्यायांच्या घरी झाली. माझे एक मामा सांगत, की सलग तीन वर्षे त्यांच्या नावाचा नरकचतुर्दशीचा पाट बेळगावच्या एका कानडी मित्राच्या घरी मांडला जात होता आणि त्या घरच्या माउलीने त्यांच्यासाठी आमच्या पद्धतीचे गोडे फोव शिकून घेतले होते. सीमाभागातल्या वाचकांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. त्याच बेळगावात १९५६ नंतर मराठी-कानडीचा वाद पेटायचा होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि सहा महिन्यांच्या आत, जून १९६२ मध्ये, पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले अशी दोन महाविद्यालये उघडली. १९६३ मध्ये म्हापशाला सेंट झेवियर निघाले. तिकडे सावंतवाडीलाही १९६१ मध्ये पंचम खेमराज महाविद्यालय सुरू झाले होते. गोव्याला स्वतःचे विद्यापीठ १९८५ मध्ये मिळाले. तोवर परीक्षा मुंबई विद्यापीठाची. मूळचे पेडण्याचे भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. यामुळे आमच्या पिढीचा नकाशा बदलला. आमच्या वडीलधाऱ्यांचे सहाध्यायी बेळगाव-धारवाडचे, आमचे मात्र नदीपलीकडचे. कोलवाळची नदी ओलांडली की बार्देस, आणि म्हापशाच्या वर्गात पेडण्याचे, डिचोलीचे, शिवोलीचे, हळदोण्याचे सगळे एकत्र. पेडणेकराला हळदोण्याची भाषा आणि चाल माहीत नव्हती. हळदोणेकराला आमचे दशावतार ठाऊक नव्हते. एका अर्थी गोव्याने स्वतःला प्रथम पाहिले ते या वर्गांमध्ये.

पण सीमा काही संपल्या नाहीत. त्या नकाशावरून उठल्या आणि माणसांमधून जाऊ लागल्या. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. अंतर ३४,०२१. पेडणे आणि डिचोलीचा कल फुलाकडे होता, साष्टीचा पानांकडे. म्हापशाच्या आणि पणजीच्या वर्गांत तेव्हा दोन्ही बाजूंची मुले एकाच बाकावर बसत होती. जेमतेम विशीतली ती मुले आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी जे भेटतात ते कौलाची गोष्ट काढली की अजूनही ताठ बसतात, आणि मग एकमेकांच्या मधुमेहाची चौकशी करतात.

आता माझ्या वर्गाविषयी. आम्ही १९७७ ते १९८१ या काळात म्हापशाला शिकलो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात बसभाड्यात निम्मी सवलत मिळावी म्हणून विद्यार्थ्यांचे गोवाभर आंदोलन झाले आणि ती सवलत मिळाली. त्या आंदोलनात धावलेल्या आम्ही सात जणांनी शेवटच्या वर्षी एक युक्ती काढली. दोनशे पानांची जाड पुठ्ठ्याची वही आणली. ती एकाने लिहून दुसऱ्याकडे द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. टपालखर्च नको म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका ओळखीच्या दुकानावर ठेवायची. तिथून पुढचा उचलणार. कधी ती बसच्या वाहकाच्या हाती दिली, कधी तरीतून गेली. पोचली की घेणाऱ्याने पहिल्या ओळीत एकच शब्द लिहायचा: ‘पावलें’. अशा आजवर अकरा वह्या झाल्या. आम्हा सातांत पेडणे तालुक्यातले तिघे, डिचोलीतले दोघे, बार्देसचे दोघे. चौघांनी मराठीत लिहिले, दोघांनी देवनागरी कोंकणीत. शिवोलीच्या ख्रिस्ती मैत्रिणीने रोमी अक्षरांतल्या कोंकणीत.

पहिल्या दोन वह्यांत विशेष काही नाही. नोकरीचे अर्ज, लग्ने, बारशी. एक गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे. आमच्यातल्या तिघी मुली. लग्नानंतर त्यांचे गाव, आडनाव, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे नावसुद्धा बदलले. डिचोली तालुक्यातली एक लग्न होऊन दोडामार्गाकडे गेली आणि हरवली. कारण माहेरचे नाव विचारणारा सासरी कोणी नव्हता आणि सासरचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते. राज्याचे नाव बदलले की राजपत्रात छापतात. मुलीचे बदलले तर त्याची नोंद लग्नातल्या तांदळाच्या ताटात होते आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले जातात. ती आम्हांला अकरा वर्षांनी सापडली, शिक्षकांच्या एका शिबिरात. वहीत तिची पहिली नोंद आहे: ‘पावलें. वाट लांबची होती.’

दुसरी वही फेब्रुवारी १९८७ पाशी थांबते. राजभाषेचे आंदोलन १९८५ पासून पेटले होते. डिसेंबर १९८६ मध्ये दंगली झाल्या, माणसे मेली, रस्त्यांवर झाडे आडवी पडली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा विधानसभेत संमत झाला. देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. दोन्ही बाजूंना वाटले, आपल्याला हवे ते मिळाले नाही. आमच्या वहीत मयेच्या मित्राने मराठीच्या बाजूने चार पाने लिहिली. म्हापशाच्या मित्राने त्याखाली कोंकणीच्या बाजूने सहा. ती पाने आज वाचताना दोघांचेही म्हणणे मला समजते आणि दोघांचीही भाषा बोचते. त्यानंतर वही पुढे गेली नाही. चौदा महिने ती एका घरी पडून राहिली.

पुढची नोंद एप्रिल १९८८ ची आहे आणि ती दोन ओळींची आहे. म्हापशाच्या मित्राने कोंकणीत लिहिले आहे, की मयेच्या मित्राचे वडील वारले असे कळले, मी जाऊन आलो, सर्वांनी जावे. त्याखाली मयेच्या मित्राने मराठीत लिहिले आहे: ‘तो आला तेव्हा घरात तेरावा चालू होता. पानावर बसला.’ राजभाषेविषयी त्यानंतर वहीत एक शब्दही नाही. असे नव्हे की मते बदलली. मयेचा आजही मराठीच्या सभांना जातो, म्हापशाचा कोंकणीच्या. २० ऑगस्ट १९९२ रोजी कोंकणी आठव्या परिशिष्टात गेली त्या दिवशी म्हापशाच्या मित्राने सर्वांच्या घरी पेढे धाडले. मयेच्या घरीही धाडले, आणि ते खाल्ले गेले. कोणी कोणाचे मन वळवले नाही. प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचे आणि दुसऱ्याची वाचायची, एवढा एक नियम न ठरवता ठरला. मी तर म्हणेन, जो नियम विधानसभेला वर्षानुवर्षे जमत नव्हता तो सात माणसांनी एका जाड वहीत पाळून दाखवला.

चाळिशी-पन्नाशीनंतरच्या वह्या इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या. तरुणपणी माणूस आपली मते लिहितो. उतरणीला लागला की काय घडले ते लिहितो. १९९८ ची नोंद आहे: २६ जानेवारीला कोकण रेल्वे सुरू झाली. पेडण्याच्या दीड किलोमीटरच्या बोगद्याने अभियंत्यांना सर्वांत जास्त छळले होते. भुसभुशीत मातीत तो पुन्हा पुन्हा ढासळे. हरमलच्या मित्राचा भाऊ तिथे कामाला होता. त्याने लिहिले आहे, ‘माती थांबत नव्हती, आई नवस थांबवत नव्हती.’ डिचोलीच्या नोंदींत खाणी आहेत. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. त्या वर्षीच्या नोंदीत नवा ट्रक, त्याची पूजा, त्याचे हप्ते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मयेच्या मित्राची त्या दिवाळीची नोंद अशी: ‘बार्ज उभे. ट्रक दारात. रस्त्यावर धूळ नाही, पहिल्यांदाच तुळस हिरवी दिसते. हप्ता मात्र एक तारखेला येतोच.’

खाणबंदीवर अहवाल झाले, निवाडे झाले. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. पुढे लिलाव होऊन डिचोलीचा पट्टा २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. एकाच घरात ट्रकाचा हप्ता आणि हिरवी तुळस यांचा हिशेब कसा मांडावा, हे त्या अहवालांत मला कुठे दिसले नाही. वहीत आहे. २०१३ ची एक नोंद मी मुद्दाम देतो. मयेच्या मित्राने लिहिले आहे: ‘धाकट्याची इंजिनिअरिंगची फी म्हापशाहून भरली गेली. भरणारा म्हणाला, वहीत लिहू नकोस. लिहू नकोस म्हणाला म्हणूनच लिहितो.’ म्हापशाचा कोण, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

मार्च २०२० नंतर महामारीत पत्रादेवीचे आणि दोडामार्गाचे नाके बंद झाले. मला कळू लागल्यापासून सरहद्द बंद झालेली मी प्रथमच पाहिली. दोडामार्गाच्या मैत्रिणीच्या यजमानांचा उपचार बांबोळीच्या सरकारी इस्पितळात चालू होता; तिकडच्या कितीतरी रुग्णांना तोच आधार. पलीकडे औषध होते आणि अलीकडे माणूस. वडिलांच्या पेटीतली १९५५ ची पत्रे मला तेव्हा आठवली. डिचोलीच्या मित्राने औषध नाक्यापर्यंत नेले, तिच्या मुलाने पलीकडून येऊन घेतले. मधल्या पोलिसाने दोघांनाही पाणी दिले. त्या काळात वही फिरली नाही. आम्ही दर रविवारी दूरध्वनीवरून एकमेकांना जुन्या नोंदी वाचून दाखवीत होतो.

अलीकडच्या नोंदी विमानतळाच्या आहेत. मोप, वारखंड, नागझर, चांदेल, कासारवर्णे, उगवे या गावांच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. कुणाची काजूची बाग गेली, कुणाच्या मुलाला नोकरी लागली. शिवोलीच्या मैत्रिणीची दोन्ही मुले पोर्तुगीज पासपोर्टवर परदेशी गेली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाचा हक्क देतो. आम्ही सातही जण त्या तारखेपूर्वीचे. ज्या राजवटीने आमच्या वडीलधाऱ्यांना बेळगावला पाठवले, तिच्याच नोंदवहीतल्या जन्माच्या दाखल्यावर आता नातवंडे परदेशी जातात. मैत्रिणीने लिहिले आहे, की विमान मोपवरून उडते, पेडण्याच्या मित्राच्या माडांवरून जाते, म्हणून मी त्याला सांगून ठेवले आहे: मुलगा जाताना वर बघ.

हे सारे मी एवढ्या विस्ताराने का सांगितले? आमच्या सात जणांत विशेष असे काही नाही. अशा वह्या, असे कार्डांचे गठ्ठे सीमेवरच्या प्रत्येक गावात असतील: बेळगावात, निपाणीत, कारवारात, सावंतवाडीत, जिथे जिथे घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी आहे तिथे. जनमत कौलाची मते मोजलेली आहेत, खनिजाचे टन मोजलेले आहेत. परंतु कौल हरलेला आणि कौल जिंकलेला दुसऱ्या दिवशी एकमेकांशी काय बोलले, याची नोंद सरकारी दप्तरात नाही. ती असलीच तर या गठ्ठ्यांत आहे. आपल्या भागाविषयी बाहेरचे लोक विचारतात, एवढे वाद असून तुम्ही एकत्र राहता कसे? त्याचे उत्तर सिद्धान्तात सापडायचे नाही. तेराव्याच्या पानावर, फीच्या पावतीत आणि नाक्यावर दिलेल्या औषधाच्या पुडीत सापडेल. मत एक नसले तरी खबर घेता येते, आणि खबर घेणे थांबले नाही तर मतभेदाला मर्यादा राहते.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. या दिवाळीला माळा झाडताना, कपाटे रिकामी करताना जुन्या पत्रांचा गठ्ठा हाती लागेल. तारतुमारांचा काळ गेला. जुलै २०१३ मध्ये तारसेवा संपली, आणि कार्ड लिहिणाराही आता विरळा. तो गठ्ठा रद्दीत घालू नका. त्यातल्या खाजगी गोष्टी खाजगी ठेवा. बाकीची पत्रे सालवार लावा, कोणत्या गावाहून कोणत्या गावाला गेली ते एका कागदावर टिपून ठेवा आणि गावच्या वाचनालयाला विचारा, एक कप्पा द्याल का म्हणून. आमच्या दहा वह्या आम्ही अशाच ठेवायच्या ठरवल्या आहेत. अकरावी अजून फिरते आहे. गेल्या शुक्रवारी ती दोडामार्गाकडे निघाली.